निर्माल्यातली जास्वंद

आमच्या घरात फुलांवर पहिला हक्क देवाचा होता आणि दुसरा कुणाचाच नव्हता. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला लागून बाबांनी एक जास्वंद लावली होती, लाल, एकेरी पाकळ्यांची. दिवसाला दोन, फार तर तीन फुलं. आंघोळ करून, पंचा गुंडाळून बाबा ती तोडायला जायचे. फुलं पितळी परडीत घालून घरात आणली की त्या परडीवर वाकून बघायचीसुद्धा मला चोरी होती. वास घेतला की फूल उष्टं होतं, हे मला चालता यायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी सात वर्षांची असताना एकदा मी परडीतला मोगरा नाकाला लावलाच. बाबा मारणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अख्खी परडी तुळशीच्या कुंडीत उपडी केली आणि त्या दिवशी नुसत्या अक्षतांवर पूजा केली. त्यापेक्षा चापटी परवडली असती. त्या दिवशी आई सोडून घरातलं कुणीही माझ्याशी बोललं नाही, आणि आई सोडून घरात होतं तरी कोण, एकटे बाबाच.

बाबा नंदेसरीला एका रंगाच्या कारखान्यात होते. कापडाला लागणारे रंग तिथे तयार होत आणि बाबांचं काम रंगाची शेड जुळवायचं. नव्या मालात सुताची एक लडी रंगवायची, ती पास झालेल्या जुन्या लडीशेजारी धरायची आणि सांगायचं, लाल जास्त आहे, पिवळा कमी आहे, चालेल, नाही चालणार. यंत्रं नंतर आली. तेव्हा बाबांचे डोळे हेच यंत्र होतं. डोळ्यांवर रंग चढला नाही तरी हातांवर चढायचाच. त्यांची नखं बारा महिने पिवळी असत आणि उन्हाळ्यात घामाने उशीचा अभ्रा सकाळी केशरी झालेला असे. तो धुताना आई एकच वाक्य म्हणायची, "कारखाना उशाला घेऊन झोपतात." त्याच पिवळ्या बोटांनी बाबा गणपतीला कुंकू लावत, घंटी वाजवत, आणि त्यांच्या आरतीच्या आवाजात शेजारच्या ट्यूशन क्लासातल्या पोरांचे पाढे, खालच्या स्कूटरच्या किका आणि आईच्या कुकरची शिट्टी हे सगळं मिसळून आमची सकाळ व्हायची. आमटीत आई गूळ जरा जास्तच घालायची. पुण्याहून कुणी आलं की नाक मुरडायचं. "बडोद्याचं पाणी आहे, गोड लागणारच," असं म्हणून ती त्यांना आणखी एक वाटी वाढायची.

चित्रं मी वह्यांच्या मागच्या पानांवर काढायची. आधी माणसांची, मग भांड्यांची. नववीत असताना मला फूल काढावंसं वाटलं आणि आठवून काढलेलं फूल कागदावर येताच खोटं दिसायला लागलं. म्हणून एका सकाळी धीर करून मी परडीपाशी गेले.

"बाबा, एक फूल मला द्या ना. वास नाही घेणार. समोर ठेवून चित्र काढते आणि परत देते, मग घाला देवाला."

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"तासभर त्याच्याकडे टक लावून बघणार?"

"बघितल्याशिवाय कसं काढू?"

"मग झालं ते उष्टं," बाबा म्हणाले. "नाकाने काय नि डोळ्याने काय."

हा नियम त्यांनी त्या क्षणी जन्माला घातला होता. असा नियम कुठल्याही पोथीत नाही, हे मी आज पैजेवर सांगते. तेव्हाही सांगितलंच. "मग तुम्ही तोडताना डोळे मिटून तोडता का?" असं मी विचारलं आणि बाबांचा चेहरा लाल झाला. आई स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. "आता सकाळच्या पहोरात धमाल नको," ती म्हणाली. "देवाचं झालं की द्या तिला. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढता ना, ते घेऊ दे. देवाचं उष्टं तिला चालेल. चालेल ना गं, शुभा?"

मी "चालेल" म्हणाले. त्या एका शब्दात किती राग कोंबला होता ते माझं मला माहीत. देवाला ताजं आणि मला शिळं काय, मनात म्हटलं, तर शिळ्याची चित्रं अशी काढून दाखवीन की तुमची ताजी फुलं झक मारतील.

आणि मग तीन वर्षं मी रोज शिळी फुलं काढली. आदल्या दिवशीची जास्वंद सकाळी गणपतीवरून उतरली की गॅलरीतल्या निर्माल्याच्या पिशवीत जाण्याआधी माझ्या पाटावर यायची. जास्वंदीचं आयुष्य एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी पाकळ्या एकमेकींवर गुंडाळून तिची सुरळी झालेली असते, लाल रंग जांभळाकडे झुकलेला असतो, देठ मऊ पडलेला असतो. त्यात एखादी अक्षत चिकटलेली आणि पाकळीवर हमखास कुंकवाचा डाग. पहिले काही दिवस मी रडकुंडीला आले. ताज्या फुलाची कड डोळ्यांना सरळ सापडते. शिळ्या फुलाची कड मध्येच आत वळते, नाहीशी होते आणि भलत्याच पाकळीमागून बाहेर येते. ती आत कुठे जाते हे कळल्याशिवाय पेन्सिल पुढे नेता येत नाही. नेलीच तर पाकळीची चिंधी होते. मी चिंध्या पुष्कळ केल्या. पण हळूहळू मला रेघ थांबवता यायला लागली, आणि रेघ कुठे थांबवायची हे कळणं म्हणजे निम्मं चित्र कळणं, असं माझं आजही मत आहे. कुणाला ते पटत नसेल तर नसो.

दुपारपाळी असली की बाबा सकाळी घरी असायचे. पूजा आटोपून, सोवळं सोडून ते पेपर वाचत बसायचे आणि त्यांचा डोळा माझ्या कागदाकडे असायचा. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं असायचं. पण रंग चुकलेला दिसला की त्यांना राहवायचं नाही.

"लाल कुठाय त्यात? काल होता. आज त्यात निळा शिरलाय."

"मला लालच दिसतोय."

"कारण मघापासून तेच बघतेयस. डोळा थकला की खोटं बोलतो. उत्तरेच्या खिडकीत घे ते. एकदा बघ. मग भिंतीकडे बघ, पांढऱ्या. आता परत बघ."

मी परत बघायची आणि निळा तिथे असायचा. मला त्याचा संताप यायचा. फूल द्यायचं नाही आणि फुलाचा रंग मात्र शिकवायचा, हा कुठला न्याय? पण सांगायची गोष्ट ही की रंग बघायला मला त्यांनीच शिकवलं, पेपरच्या आडून.

अकरावीत गेल्यावर मी दर रविवारी फतेगंजला त्रिवेदीसाहेबांच्या वर्गाला जायला लागले. साहेबांनी घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग काढला होता. चाळीसेक मुलं, सतरंज्या, कडेला माठ. फळ्यावर तीन शब्द कायमचे लिहिलेले असत, रेखा, रंग, रचना. तिन्हीची उत्तरं साहेबांकडे तयार होती. फूल म्हणजे आधी वर्तुळ, त्याचे पाच भाग, देठाला एक डौलदार वळण, डावीकडे दोन पानं, उजवीकडे एक. फूल कागदाच्या मधोमध, चारी बाजूंना तीन बोटं जागा मोकळी. रंग कडेला गडद, आत फिका. माणूस वाईट नव्हता. शनिवारी पेन्सिली स्वतः तासून ठेवायचा, कुणाकडे रंग नसले तर आपली पेटी पुढे सरकवायचा. पण त्याच्या शेडमधून बाहेर पडणारी सगळी फुलं सख्खी भावंडं असायची.

आता मी माझ्याच गच्चीवर पोरांना शिकवते. मोबाइलमध्ये फुलाचा फोटो घेऊन येतात आणि तो समोर ठेवून काढायला बसतात. मी त्यांचे मोबाइल टोपलीत ठेवते आणि हातात फूल देते, आणि पहिलं सांगते, वास घ्या. मग काढा. एक आई मला म्हणाली, "मॅडम, सर्टिफिकेट क्यारे मळशे?" म्हणजे कधी मिळणार. मी तिला म्हटलं, वास आला की.

साहेबांची सकाळची एक वेगळी बॅच होती, दहा जणांची. कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी तिथे व्हायची आणि तिथली बहुतेक मुलं कॉलेजला लागायची. बारावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी घरात जाहीर केलं की मी चित्रकलेला जाणार. बाबांनी पेपर खाली ठेवला. "साहेबांनी सकाळच्या बॅचला निवडलं तर जा," ते म्हणाले. "त्यांना कळतं, मला कळत नाही. नाही निवडलं तर केमिस्ट्री. दोन्हींकडे रंगच आहेत." मी कबूल केलं. मला नापास होण्याची शक्यताच दिसत नव्हती, इतकी माझी मिजास.

निवडीचा रविवार वैशाखातला होता. प्रत्येकापुढे पाण्याच्या पेल्यात एकेक जास्वंद ठेवलेली, नुकती तोडलेली. नऊ ते बारा वेळ. बाबांची त्या दिवशी पहिली पाळी होती. सुटल्यावर नंदेसरीहून येताना वाटेत मला स्कूटरवर घेणार होते, आणि तोवर खायला म्हणून आईने डब्यात गूळपोळी दिली होती. मी बसले आणि हात सरसर चालायला लागला. रेघ कुठे आत न्यायची, कुठे थांबवायची, सगळं पाठ. फूल मी मधोमध घेतलं नाही, कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे कलतं घेतलं आणि वरची जागा रिकामी ठेवली, कारण गणपतीवरून उतरून पाटावर आलेलं फूल असंच पडतं. बाराच्या सुमारास साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"आ तो मरी गयुं छे, बेटा," ते म्हणाले.

मी मान वर केली. पेल्यात जास्वंद टवटवीत उभी होती, पाचही पाकळ्या पसरून. माझ्या कागदावरची जास्वंद मिटलेली, जांभळट, मान टाकलेली.

"आ डाघ शेनो छे?" डाग कसला, ते विचारत होते.

"कंकुनो," मी म्हणाले, आणि तोंडातून शब्द गेल्यावर माझ्या लक्षात आलं. समोरच्या फुलावर कुंकू नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. मी सवयीने पाकळीवर कुंकवाचा डाग काढून ठेवला होता. अख्खी शेड हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन तास ताजं फूल समोर होतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपणहून माझ्यापुढे ठेवलेलं, आणि मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. चूक माझी होती आणि ती मी कबूल करते. आजही करते.

पण पुढे जे झालं ते मला मान्य नव्हतं. साहेब खाली बसले आणि आपली तासलेली पेन्सिल घेऊन माझ्या चित्रावर रेघ ओढायला लागले. वर्तुळाची. समोरच्या पेल्याकडे त्यांनी बघितलंदेखील नाही, त्यांचं ते फळ्यावरचं फूल ते माझ्या फुलावर काढत होते. मी कागद खेचला. त्यांची रेघ अर्ध्यात तुटली.

"मारा कागळ पर नहीं, साहेब."

साहेबांनी खोडरबर माझ्यापुढे ठेवलं. शांतपणे म्हणाले की डाग खोड, पाकळ्या उघड, फूल मध्ये घे, आणि उद्यापासून सकाळी ये. म्हणजे जागा मिळत होती. खोडरबर उचलायचं, बास. मी त्या चाळीस पेल्यांकडे बघितलं आणि चाळीस कागदांकडे. प्रत्येक कागदावर तेच एक फूल होतं, आणि ते कुठल्याच पेल्यातलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं तसं त्यांच्यातल्याही कुणी बघितलं नव्हतं. फरक इतकाच की माझी चूक मी स्वतः केली होती.

"हुं नहीं भूंसुं," मी म्हणाले. "हुं अहीं बेसुं छुं. सांज सुधीमां आ फूल मारा चित्र जेवुं थई जशे."

खोडणार नाही, इथेच बसते, संध्याकाळपर्यंत हे फूल माझ्या चित्रासारखं होईल. असं मी त्रिवेदीसाहेबांना, चाळीस मुलांदेखत सांगितलं. कुठून आलं ते तोंडात, देव जाणे. साहेब उठले आणि म्हणाले, "बेस त्यारे." बाकीची मुलं आपापले कागद घेऊन गेली. पत्रा तापत होता. मी गूळपोळी खाल्ली, माठातलं पाणी प्याले आणि बसून राहिले. आणि या वेळी मात्र बघितलं. दोनच्या सुमारास पाकळ्यांच्या कडा मऊ पडल्या. मग त्या आत वळायला लागल्या, डोळ्याला दिसेल न दिसेल अशा. तीननंतर देठाने कल घेतला. तीन वर्षं मी शेवट बघत आले होते, तो कसा येतो ते त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं. मधूनच साहेब येऊन दारातून डोकावून जायचे.

बाबा चारला आले. अंगाला कारखान्याचा वास, रुमाल पिवळा. साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं, मी कसा कागद ओढला तेही. "हाथ सारो छे," साहेब म्हणाले, "पण जीभ बहु लांबी छे. मारे त्यां नहीं फावे." हात चांगला, पण जीभ फार लांब, माझ्याकडे नाही जमायचं. बाबांनी ऐकून घेतलं, हात जोडून माफी मागितली, आणि मग माझ्याकडे आले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी कागद उचलला, पेलाही उचलला, आणि दोन्ही घेऊन ते दाराशी उजेडात गेले. एकदा फुलाकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग कागदाकडे.

"निळा थोडा जास्त आहे," ते म्हणाले. "अजून तासाभराने जुळेल." मग डागावर बोट ठेवलं. "हे यात नाही."

"नाही. चुकलं ते."

"मग खोडलं का नाहीस?"

"माझं चुकलेलं मला दिसू दे."

बाबांनी कागद मला परत दिला. आम्ही स्कूटरवरून कारेलीबागेला आलो. आईने दारातच विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "नाही घेतलं." आईने माझ्याकडे बघितलं आणि आमटी गरम करायला गेली. जेवताना बाबा आईलाच सांगत होते, कारखान्यात शेड चुकली तर ती लडी टाकून देत नाहीत, तिला चिठ्ठी लावून कपाटात ठेवतात, लपवली की तीच चूक पुन्हा होते. आई म्हणाली, "मला कशाला सांगताय, मी काय लड्या रंगवते?" बोली झाली होती आणि मी ती हरले होते. केमिस्ट्रीची पुस्तकं कुणाकडून जुनी मिळतील, याचा मी विचार करत होते. आणि तरीही, खरं सांगते, खोडरबर न उचलल्याचा पश्चात्ताप मला होत नव्हता. आजवर झालेला नाही. तो कागद माझ्याकडे आहे, साहेबांच्या तुटक्या रेघेसकट.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची दुपारपाळी होती. सकाळी त्यांनी आंघोळ केली, पंचा गुंडाळला आणि टाकीकडे गेले. परत आले तेव्हा परडीत एकच फूल होतं. झाडाला त्या दिवशी तेवढंच आलं होतं. देवघराकडे न जाता ते माझ्या पाटापाशी आले आणि ओंजळीत धरून ते फूल त्यांनी पाटावर ठेवलं. दव अजून सुकलेलं नव्हतं.

"ताजं तुला काढता येत नाही," ते म्हणाले. "ते शिकून घे. कॉलेजचा फॉर्म आण या आठवड्यात. चित्रकलेचा."

"पण साहेबांनी..."

"मी बघितलंय ना? शेड मला कळते." आणि ते देवाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. पूजेची तयारी मांडलेली, समई लावलेली, गणपती बिनफुलाचा. बाबा वाट बघत बसले.

मी रडले असेन, आठवत नाही. मला आठवतो तो माझा हट्ट. इतक्या वर्षांचा राग एका फुलाने जाणारा नव्हता. मी ते फूल उचललं, त्यांच्याकडे बघत, त्यांना दिसेल असं नाकाला लावलं, आणि लांब श्वास घेतला. मग खाली ठेवून काढायला लागले. पहिल्यांदाच पाच पाकळ्या उघड्या. अवघड गेलं. तास झाला, दीड तास झाला. आईने मध्ये एकदा डोकावून बघितलं आणि गॅस बारीक केला. बाबा हलले नाहीत.

माझं झाल्यावर ते उठले, हात धुतले आणि फूल घ्यायला आले. आता मात्र मला राहवेना.

"बाबा, मी वास घेतलाय त्याचा."

"बघितलं मी," बाबा म्हणाले. त्यांनी फूल उचललं, गणपतीच्या मस्तकावर ठेवलं आणि पिवळ्या बोटाने कुंकू लावलं. "जास्वंदीला वास नसतो." आणि त्यांनी घंटी हातात घेतली.